नसलेली विहीर

आमच्या तळ्याच्या बांधावर चहाची एक टपरी आहे. तिथं स्टोव्हच्या वर, देवाच्या फोटोशेजारी, लॅमिनेशन केलेला एक कागद टांगलेला आहे. अक्षर माझं आहे, खाली सही माझी आहे. गावातल्या प्रत्येकानं तो वाचलेला आहे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना टपरीवाल्यानं वाचून दाखवलेला आहे. दोन वर्षं झाली, मी त्या टपरीत पाऊल ठेवलेलं नाही. चहा चांगला करतो म्हणतात.

हा कागद माझ्याकडून लिहून घेणारे गृहस्थ म्हणजे अप्पा सर, आमच्या हायस्कूलचे भूगोलाचे शिक्षक. मी मराठीचा. एकवीस वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये शेजारीशेजारी बसलो. आता सर गेले त्यालाही दीड वर्ष उलटून गेलं. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं अशी रीत आहे. मी प्रयत्न करणार आहे, पण खात्री देत नाही. त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही आणि मीही अजून त्यांना केलेलं नाही. तेवढ्यापुरती आमची फिट्टंफाट आहे.

अंगानं काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. वरच्या खिशात एक लाल-निळी पेन्सिल, जिचं लाल टोक नेहमी निळ्यापेक्षा जास्त झिजलेलं असायचं. अणदूरहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. घरात कानडी, बाहेर मराठी, असं निम्म्या गावाचं चालतं. अप्पा सर आकडे मात्र कायम कानडीत मोजत. पेपर मोजायचे असोत की सहलीची पोरं, ‘ओंदु, येरडु, मूरु’ सुरू. रागही कानडीत यायचा. त्यामुळं ते रागावलेत की नुसते मोजतायत, हे ज्याला कानडी येत नाही त्याला कळायचं नाही. मला एकवीस वर्षांत पुष्कळ कानडी आली होती, त्यामुळं मला कळायचं.

त्यांचं एक वाक्य शाळेत सगळ्यांना पाठ होतं. “बघून लिहा.”

नववीच्या वर्गाला शाळेच्या मैदानाचा नकाशा काढायला सांगितला की पोरं आपली चौकोन काढून मोकळी होत. सर वही हातात घेत आणि विचारत, “ह्या कोपऱ्यात काय हाय?” पोरगं म्हणे, झाड. “कशाचं? बघितलंय का?” मग अख्खा वर्ग उन्हात मैदानात. पावलं मोजा, झाडाला हात लावा, मग कागदावर या. एकदा एका पोरीनं शेजारणीचं बघून हुबेहूब नकाशा काढला. सरांनी शेजारणीला पैकीच्या पैकी दिले आणि हिच्या नकाशावर लाल पेन्सिलीनं लिहिलं, ‘न बघता लिहिलेलं खरं असलं तरी खोटं.’ त्यावरून मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला होता. पोरीचं काय चुकलं, उत्तर तर बरोबर होतं. सर म्हणाले, “कुलकर्णी, तुमच्या मराठीत चालत आसंल.” मी दोन दिवस बोललो नाही.

रिटायर व्हायला दोनेक वर्षं उरली तेव्हा त्यांनी होडकं केलं. त्याला कयाक म्हणतात असं ते सांगायचे. मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचे व्हिडिओ बघूनबघून सुटीतले दोन महिने त्यांनी घराच्या अंगणात घालवले. प्लायवूडच्या पट्ट्या, वरून फायबरचं कापड. ते चढवायला सोलापूरहून पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा माणूस आणला होता. माणूस आत पाय पसरून बसणार, पाठीमागं अजून एक बसेल एवढी जागा. उलटू नये म्हणून दोन्ही अंगांना, तोंडं बंद केलेले जाड पाइप आडव्या बांबूवर बांधलेले. मधोमध डोलकाठी आणि तिला शीड.

शिडासाठी कापड हवं होतं तेव्हा त्यांनी फ्लेक्स वापरला. आमच्या संस्थेचे सचिव तात्या यांच्या वाढदिवसाचा, एसटी स्टँडवरचा. वाढदिवस होऊन महिना झाला होता, फ्लेक्स लोंबत होता, सर शिडी घेऊन गेले आणि उतरवून आणला. त्रिकोण कापताना रुंद बाजू खाली यायला हवी म्हणून तात्या उलटे आले. डोकं खाली, जोडलेले हात वर. वारा भरला की तात्यांचे गाल फुगत. तेव्हा सरांचं आणि तात्यांचं काही वाकडं नव्हतं. मी म्हणालो सुद्धा, “अप्पा, बघितलं त्यांनी तर?” तर म्हणाले, “मजबूत हाय हो फ्लेक्स. तोंडाशी आपल्याला काय करायचंय?”

वारा कसा वाहतो हे फळ्यावर शिकवता येत नाही असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या वर्षी नववीचा वर्ग तळ्यावर गेला. एकेका पोराला लाइफ जॅकेट घालून सर मागं बसवत आणि एक फेरी मारून आणत. बांधावर मी पोरं सांभाळायला. तीन फेऱ्या झाल्या, चौथ्या फेरीला सुनीता नावाची मुलगी बसली. तळ्याच्या मधोमध, सपाट पाण्यावर, होडकं एकदम थांबलं आणि मग उलटलं. मी बांधावरून बघितलं. जॅकेटमुळं पोरगी तरंगत राहिली, सरांनी तिला धरून काठाला आणलं. दगडावर आपटून तिचा खांदा मोडला होता. होडक्याच्या तळाला हातभर भोक पडलं होतं.

सर एकच गोष्ट सांगत राहिले. खाली दगडी बांधकाम आहे, पाण्याच्या एक वीत खाली. आपण त्यावर उभे राहिलो, पोरीला धरून, पायाला घडीव दगड लागला.

दुसऱ्या दिवशी सुनीताचा बाप शाळेत आला. प्रार्थनेची वेळ होती, सगळी शाळा मैदानात उभी होती. त्यानं पायातली चप्पल काढली आणि अप्पा सरांच्या तोंडावर मारली. कुणी अडवलं नाही. मीही नाही. सरांनी चष्मा उचलला आणि ‘ओंदु’ एवढंच म्हणाले. पुढं मोजलं नाही.

मग चौकशी समिती. पाच जण. तात्या, मुख्याध्यापक, तळ्याच्या खात्याचा एक साहेब, पोलीस पाटील आणि शिक्षकांतर्फे मी. इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. अपघाताच्या दोन-तीन वर्षं आधी तळं बरंच आटलं असताना त्याच्या पोटातल्या जुन्या विहिरी बुजवायचं, झाडांची खोडं काढायचं काम निघालं होतं आणि ते तात्यांनी घेतलं होतं. म्हणजे खाली बांधकाम निघालं तर तात्यांनी काम केलंच नव्हतं असं झालं असतं. हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आम्ही बांधावर लिंबाखाली सतरंजी टाकून बसलो. तात्यांनी घरून डबे आणवले होते. पाण्यात कुणी उतरलं नाही. जेवण झालं आणि अहवाल लिहिला गेला: तळ्याचा तळ सर्वत्र मोकळा आहे, पाण्यात कोणताही अडथळा नाही, अपघात शिक्षकाच्या निष्काळजीपणामुळं झाला. पाच सह्या झाल्या, पाचवी माझी.

अहवाल व्हायच्या आदल्या दिवशी अप्पा सर व्हरांड्यात माझ्याजवळ आले होते. “कुलकर्णी, तुमच्या आज्याचं शेत तळ्यात गेलं म्हणालता ना? विहीर कुठशी हुती त्येची?”

मी म्हणालो, “लहान होतो हो मी. काही आठवत नाही.”

आता स्पष्टच लिहितो. मला आठवत होतं. तळं व्हायच्या आधी मी त्या विहिरीचं पाणी प्यालो आहे. मोटेचं पाणी ज्यात पडतं त्या थारोळ्यात बसून आंघोळ केली आहे. थारोळ्याच्या दगडावर आजोबांनी नाव कोरून घेतलं होतं, त्या अक्षरांवरून बोट फिरवत मी अक्षरं शिकलो. होडकं जिथं थांबलं ती जागा मला बांधावरूनच ओळखू आली होती. पण माझ्या मुलाची क्लार्कची ऑर्डर तात्यांच्या टेबलावर होती. सही केली त्याच आठवड्यात ऑर्डर हातात पडली. मुलगा अजून तिथंच आहे, चांगलं काम करतो.

अप्पा सरांना वर्गावरून काढलं. उरलेला काळ त्यांनी शाळेच्या भांडारात खडू आणि झाडू मोजत काढला. गावात त्यांचं नाव पडलं, पोरांच्या जिवावर उठलेला मास्तर. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती. तो अहवाल खोटा आहे हे त्या पाच जणांपैकी कुणीतरी आपल्या हातानं लिहून द्यावं. बाकी काही नाही.

माझी समजूत होती की ते खचतील. पण रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी होडक्याचं भोक बुजवलं, तेच तात्यांचं शीड चढवलं आणि तळ्यात घातलं. रोज सकाळी दहाला वारं सुटलं की निघत. सोबत एक लांब बांबू, त्यावर हाताहातावर खुणा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. बांबू पाण्यात घालायचा, ‘नाल्कु, ऐदु’ मोजायचं, कागदावर लिहायचं, शीड फिरवून पुढच्या जागी. सबंध तळं त्यांनी असं हातहात चाचपलं. दोन वर्षं लागली. बांधावरून लोक हसत. मी हसत नव्हतो, कारण ते कुणाच्या दिशेनं चाललेत हे मला माहीत होतं.

नकाशा तयार झाला तेव्हा त्यांनी तो मासे धरणाऱ्यांना वाटला. जाळी फाडणारी, होड्या घासणारी एकूण एक जागा त्यात होती आणि प्रत्येक जागेला नाव होतं. बुडालेल्या बाभळीचं एक काटेरी खोड होतं, वरून दिसत नाही आणि गेलेलं जाळं सोडत नाही, ते ‘तात्या’. पाय टेकायला गेलं की कंबरेपर्यंत आत घेतो असा पूर्वेकडचा चिखल, तो ‘मुख्याध्यापक’. पाणी सोडलं की एका जागी आणि भरलं की दुसऱ्या जागी दिसणारा वाळूचा उंचवटा, तो ‘साहेब’. पाणकणसाची गच्च राई ‘पोलीस पाटील’. काठावरच्या बेशरमाच्या झुडपांना त्यांनी नाव दिलं नाही. आहे ते बरंय म्हणाले.

मासे धरणाऱ्यांना नावं पसंत पडली, कारण नकाशा खरा होता. महिन्याभरात बांधावर उघडउघड बोलणी ऐकू यायला लागली. “आज तात्यानं जाळं फाडलं बघ.” “मुख्याध्यापकात उतरू नको, रुतशील.” एक म्हातारा तर भर बाजारात म्हणाला, “तात्या आतनं पार कुजलाय, पर निघत न्हाय.” म्हाताऱ्याला फक्त खोडाबद्दल बोलायचं होतं. मी भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभा होतो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

ते तात्यांच्या कानावर गेलं. जीप घेऊन ते बांधावर आले, बरोबर चारसहा माणसं. अप्पा सर नुकतेच काठाला लागत होते आणि शिडावर तात्या उलटे फुगलेले होते. माणसांनी मान खाली घातली, कारण हसू आवरत नव्हतं.

“मास्तर, नकाशातनं नाव काढा माझं,” तात्या ओरडले. “बदनामीची केस टाकतो.”

सरांनी शांतपणे बांबू पुसला. “तात्या, तिथं काय हाय?”

“काय हाय म्हंजे? खोड हाय! सगळी दुनिया बोंबलायलीय.”

“तुमी तर लिहून दिलंय, तळ मोकळा हाय, काही न्हाय म्हनून. मग नसलेल्या खोडाला म्या काय बी नाव दिलं, तुमचं काय जातंय? आसंल तर तसं लिहून द्या. आत्ता काढतो नाव.”

तात्या जीपमध्ये जाऊन बसले. केस टाकली असती तर कोर्टात आधी खोड दाखवावं लागलं असतं. सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं ते चांगल्या माणसाचं नव्हतं. मी जवळून बघितलं आहे.

मुख्याध्यापकांचं तर याहून छान केलं. त्यांच्या निरोपसमारंभाला अप्पा सर न बोलावता आले आणि काचेची फ्रेम केलेला तळ्याचा रंगीत नकाशा भेट म्हणून दिला. मुख्याध्यापक गहिवरले. मागचं विसरून सर आले, मोठ्या मनाचा माणूस, असं भाषणात म्हणाले. नकाशा त्यांनी दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावला. सहा-सात महिन्यांनी जावयानं चष्मा लावून वाचला, तेव्हा चिखलाचं नाव कळलं. तोवर तिथं बसून सगळे सोयरे-धायरे चहा पिऊन गेले होते.

माझं काय? नकाशाची प्रत हातात आल्याबरोबर मी दार लावून घेतलं आणि माझं नाव शोधलं. कुठंच नव्हतं. तळ्याच्या मधोमध एक लाल फुली होती, शेजारची जागा कोरी होती. चोहोबाजूंनी सहा हात पाणी, मधेच एक वीत आणि त्याला लागूनच एकदम बांबू तळाला लागत नाही, असे आकडे होते. विहीर त्यांना सापडली होती. फक्त नाव नव्हतं.

रस्त्यात भेटले की मी बळंच विचारत असे, “अप्पा, काय म्हणतंय पाणी?” ते म्हणत, “उतरंल की.” एवढंच. कधी आवाज चढवला नाही. चप्पल मारली असती तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. घरी जेवताना, शाळेत शिकवताना, ती कोरी जागा डोळ्यांपुढं यायची. माझ्या बायकोला वाटायचं मला पित्ताचा त्रास आहे.

मधे एकदा सर कोकणात गेले होते. भाच्याच्या टेम्पोत होडकं बांधून नेलं होतं. आठ दिवस राहणार होते, खाडीत फिरणार, समुद्र बघणार. त्याआधी नळदुर्गाजवळच्या नदीत आणि तेरणेच्या पाण्यातही ते होडकं घालून आले होते, तिथले कागद फार सुरेख झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस पाण्याच्या नादी लागला, वैर सुटलं. तिसऱ्या दिवशी परत. मी स्टँडवर गाठलं आणि विचारलं, समुद्र कसा वाटला? म्हणाले, “लई मोठा हाय. पन तिथं आपलं वैर न्हाय कुनाशी. मन लागंना.”

चार वर्षं पाऊस बरा झाला, तळं भरलेलं राहिलं. पाचव्या वर्षी ओढ दिली. एप्रिलमध्ये तळ्याच्या मधोमध काहीतरी काळं वर आलं. बगळे बसायला लागले. गावातली माणसं बांधावरून बोटं दाखवत होती. मी तिकडचा रस्ता सोडला.

एका रविवारी सकाळी अप्पा सर दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, विभूती. “कुलकर्णी, चला. पाणी बघून येऊ.”

मला पोहता येत नाही हे त्यांना माहीत होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते एकदाचं होऊन जाऊ दे असं वाटलं आणि मी चपला घातल्या. बांधावर त्यांनी मला लाइफ जॅकेट घातलं, बंद स्वतः आवळून दिले. होडक्यात मागं बसवलं. दहाचं वारं आलं, तात्या फुगले आणि आम्ही निघालो. पाणी होडक्याला चाटत होतं, दोन्ही बाजूचे पाइप आळीपाळीनं बुडत होते. सर वाटेत एकेक जागा दाखवत होते. “ह्यो तात्या. उजव्या अंगाला साहेब, औंदा बराच वर आलाय.” मला हसू आलं नाही.

थारोळं वीतभर पाण्याबाहेर होतं. मागं विहिरीचा गोल काठ, त्याच्या आत काळंभोर पाणी. मोटेचे दोन्ही दगडी खांब उभे, एकाचा कोपरा फुटलेला. तिथंच होडकं आपटलं होतं. सरांनी होडकं लावलं, मला हात देऊन उतरवलं. चिखलानं भरलेल्या दगडावर त्यांनी ओंजळीनं पाणी मारलं, तळहातानं पुसलं.

“वाचा.”

आजोबांचं नाव होतं. मी थारोळ्याच्या काठावर बसलो.

“त्या चौघांनी न बघता लिहिलं,” अप्पा सर म्हणाले. “त्यांचं म्या नावावर भागवलं. तुमी बघून खोटं लिहिलं, कुलकर्णी. तुमाला विचारलं हुतं म्या. व्हरांड्यात, हात जोडायचा तेवढा बाकी ठिवला हुता.”

“मुलाच्या ऑर्डरचं होतं, अप्पा.”

“म्हाईत हाय. म्या कधी इचारलं का, का लिहिलं म्हनून?”

त्यांनी पिशवीतून कोरा कागद आणि पॅड काढलं, पेन दिलं. “आता बसलाव कशावर ते लिहा. बघून लिहा.”

मी लिहिलं. इथं विहीर आहे. ती माझ्या आजोबांची आहे. मला ती सुरुवातीपासून माहीत होती. मी सही केलेला अहवाल खोटा आहे. चारच ओळी झाल्या. सरांनी वाचल्या, “सही,” म्हणाले. सही केली. मग त्यांनी नकाशा उलगडला, लाल फुलीवर बोट ठेवलं आणि ती झिजलेली पेन्सिल माझ्या हातात दिली. “विहिरीला नाव न्हाय. ते बी तुमीच लिहा.” मी ‘कुलकर्णी’ लिहिलं. अक्षर वाचता येण्यासारखं आलं.

दोन्ही कागद त्यांनी नीट पिशवीत घातले, पिशवीचं तोंड दोऱ्यानं बांधलं. होडक्यात बसले आणि बांबूनं दगडाला रेटा दिला. होडकं सुटलं.

“अप्पा! मी राहिलो!”

“पाच वर्सं म्या हितं एकटा हुतो,” ते म्हणाले. “तुमी दोन तास बसा.”

शीड फिरलं आणि भरलं. मी हाका मारल्या, त्यांनी मान वळवली नाही. ताठ पाठ, शर्टाची इस्त्री, आणि वर उलटे तात्या हात जोडून मला नमस्कार करत चाललेले. ते लहानलहान होत बांधाला लागले. अप्पा सरांना मी त्यानंतर बघितलं नाही. त्याच दिवशी दुपारी ते सुनीताच्या बापाकडं गेले आणि कागद त्याच्या हातात दिला, असं मला नंतर कळलं. तो माणूस कागद घेऊन बांधावर आला, विहिरीकडं बघत उभा राहिला, आणि मग सरांच्या घरी जाऊन त्यांच्या पायाशी बसला म्हणतात. झेरॉक्स दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर होती आणि एक टपरीत. श्रावणात सर झोपेतच गेले. त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसवून माती दिली. अख्खं गाव होतं. मी गेलो नाही.

त्या दिवशी मी थारोळ्यात बसून राहिलो. ऊन चढलं, दगड तापला. जॅकेट काढायची भीती वाटत होती. बरोब्बर दोन तासांनी हणमंत नावाचा मासे धरणारा आपली होडी वल्हवत आला.

“चला सर,” तो म्हणाला. “अप्पा सरांनी सांगून ठिवलं हुतं. कुलकर्ण्यावर कुलकर्णी बसलाय, दुपारी एकला जाऊन आन म्हनले.”

मी म्हणालो, “नाव तर आत्ता लिहिलंय. दोन तासांपूर्वी.”

“नकाशात आसंल आत्ता,” हणमंत म्हणाला. “आमाला तर त्यांनी पैल्याच साली तोंडी सांगितलं. आमी समदे कुलकर्णीच म्हनताव ह्येला. पोरास्नी पाण्यात घातलं की आदी हेच शिकवताव, कुलकर्ण्यापासनं लांब ऱ्हा, वरनं दिसत न्हाय पर खाली हाय.”

मी होडीत पाय ठेवला. त्यानं वल्हं दगडाला लावून होडी जपून बाजूला घेतली आणि आम्ही बांधाकडं निघालो.